केंगले सरांचे चाळीस मेगाहर्ट्झ

त्या दिवशी बैलगाड्यांच्या घाटावर कॉम्प्युटरचं झाकण उघडून आतला जंपर मी हलवला होता. सरांनी नाही, उन्हाने नाही, जनरेटरने तर नाहीच. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला माहीत नाही. यात्रा कमिटीच्या ज्या आबांच्या डोळ्यांदेखत ते घडलं, ते आबाही न कळताच गेले.

जंपर म्हणजे कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर दोन पिनांना जोडणारी प्लास्टिकची टोपी. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. तेवढ्याशा वस्तूने केंगले सरांचं नाव दोन तालुक्यांतून पुसलं गेलं, आणि माझं मात्र राहिलं. मागच्या वर्षी एका शाळेने मला शाल-श्रीफळ दिलं. तालुक्यात कॉम्प्युटर आणणारे म्हणून. मी शाल अंगावर घेतली, नारळ हातात धरला, फोटो काढून घेतला. चहाच्या वेळी एका संचालकाने विचारलं, "अशोकशेठ, तुमच्याकडं एक मास्तर व्हते ना, ते तळेघरकडचे? ज्यांनी घाटावर पैसं खाल्लं?" सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची किळस अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

तेव्हा नारायणगावात स्टँडच्या मागे, एका रसवंतीच्या माडीवर माझा कॉम्प्युटर क्लास होता. खाली घुंगरं वाजायची, वर आम्ही भविष्य घडवायचो. मी मूळचा डिंगोऱ्याचा, शिक्षण बी.कॉम., आणि पुण्यात सहा महिन्यांचा एक कोर्स केलेला. एवढ्या भांडवलावर मी पाटीवर 'संचालक' असं लिहून घेतलं होतं. क्लासच्या जोडीला पुण्याहून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवून विकायचो. शिकवायला माणूस हवा होता. कुणीतरी केंगले सरांना पाठवलं.

ते आले ते तळेघरच्याही पुढच्या वाडीतून. पहाटे निघून डोंगर उतरून चालत तळेघर, तिथून एसटी, मग दुसरी एसटी. अंगात पांढरा शर्ट आणि त्यावर भर एप्रिलमध्ये बिनबाह्यांचा स्वेटर. खिशाला पेन नाही, पेनाच्या जागी बारीक स्क्रू ड्रायव्हर. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, पुण्याच्या एका कारखान्यात काही वर्षं काढलेली. ती नोकरी का सुटली ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांनी तोंड उघडल्यावर मला कळलं.

मी मोठ्या ऐटीत खोली दाखवली. "आपल्याकडे चार मशीनं आहेत, सर."

त्यांनी एकेका डब्यामागे वाकून पाहिलं. "मला दोन दिसतायत. बाकीचे दोन टाइपरायटर आहेत, विजेवर चालणारे." मग माझ्याकडे वळून, "पाटीवर संचालक कोण लिहिलाय?"

"मी."

"वय काय तुझं?"

मी सांगितलं. त्यांनी नाकातून एक बारीक हवा सोडली. पुढची तीन-चार वर्षं मी त्या हवेखाली काढली.

कुणी म्हणेल, डोंगरातला साधा, गरीब माणूस, ज्ञानाचा सागर वगैरे. तसलं काही नव्हतं. सर साधे नव्हते. गर्विष्ठ होते, कुजकट होते, आणि समोरचा मूर्ख आहे हे गृहीत धरूनच बोलायला सुरुवात करायचे. गिऱ्हाइकाच्या घरी चहा घ्यायचे नाहीत. "चहा घेतला की त्याच्या मशीनला चांगलं म्हणावं लागतं." दुपारी खिडकीकडे तोंड करून नाचणीची भाकरी खायचे, आणि त्या वेळात कुणी शंका विचारली तर भाकरी संपेपर्यंत त्याच्याकडे बघायचे नाहीत. पोरं त्यांना टरकायची. मी जास्त टरकायचो, कारण पोरांना तीन महिन्यांत सर्टिफिकेट घेऊन सुटका होती.

ते दिवस फोर-एटी-सिक्स नावाच्या प्रोसेसरचे. आजच्या पोराला मनगटावरच्या घड्याळातही त्याच्या शेकडो पट वेगवान चीज मिळते, पण तेव्हा ती काळी-करडी चौकोनी चिप म्हणजे आमचा देव्हारा होता. खाली एकशे अडुसष्ट पिना, आत बारा लाख ट्रान्झिस्टर, आणि हाताशी लागणारी माहिती ठेवायला आठ किलोबाइटचा छोटा कप्पा. यात दोन जाती: डीएक्स आणि एसएक्स. सर शिकवायला लागले की पहिल्याच दिवशी ही जातपात काढायचे.

"डीएक्समध्ये मेंदू आहे आणि अपूर्णांकांचं गणित करायला वेगळा भाग आहे. एसएक्समध्ये काय आहे?"

पोरं वहीत डोकं घालायची.

"तेच आहे! पुष्कळ चिपांत तोच भाग आत आहे, फक्त बंद केलाय. विहीर खणायची, वर फळी ठोकायची आणि बिनविहिरीचं घर म्हणून स्वस्तात विकायचं. आणि तुमचे संचालक ते आणून तुमच्यासमोर मांडतात."

मग तो शब्द माणसांना लागू झाला. समजून न घेता पाठ करणारा पोरगा एसएक्स. तालुक्याचा एक साहेब उद्घाटनाला आला, तो एसएक्स. एकदा मंचरहून एका पोराचे वडील आले. "सर, आमचा कसा हाय?"

"एसएक्स आहे," सर म्हणाले.

वडील दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. त्यांना वाटलं, काहीतरी वरची परीक्षा पास झाला. सरांनी पेढा घेतला नाही. मी दोन घेतले.

पण त्यांचा खरा तिरस्कार राखून ठेवलेला होता तो डब्यावरच्या आकड्यासाठी. तेव्हाच्या कॅबिनेटवर पुढच्या बाजूला लाल दिव्यांचा आकडा असायचा. तेहेतीस, चाळीस, सहासष्ट. म्हणजे प्रोसेसर किती मेगाहर्ट्झवर चालतो, सेकंदाला किती दशलक्ष वेळा त्याचं चाक फिरतं. निदान लोकांना तसं वाटायचं. खरं म्हणजे त्या आकड्याचा प्रोसेसरशी काडीचा संबंध नसतो. त्याच्यामागे वेगळे जंपर असतात. ते बसवावेत तसा आकडा दिसतो. आत गाढव असलं तरी बाहेर घोडा लिहिता येतो. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना हे माहीत होतं आणि आम्ही सगळे त्यावर जेवत होतो.

एक पतसंस्थेचे चेअरमन आले. त्यांना कॉम्प्युटर नको होता, समोरच्या पतसंस्थेपेक्षा मोठा आकडा हवा होता. "त्यांच्यात सहासष्ट हाय, अशोकराव. आमाला त्याच्या वर पायजे. लोकं काउंटरवरनं बघत्यात."

मी पटकन नव्व्याण्णव लावून दिला. चेअरमन खूश. सर कोपऱ्यातून म्हणाले, "नव्व्याण्णववरच का थांबलात? या डब्यावर एकशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत मावतं."

"व्हतं का तसं, सर?"

"माझ्या खिशात स्क्रू ड्रायव्हर आहे तोवर सगळं होतं."

चेअरमन एकशे अठ्ठ्याऐंशी मेगाहर्ट्झ घेऊन गेले. तसला फोर-एटी-सिक्स जगात कुठे निघालेला नव्हता. ते गेल्यावर सर मला म्हणाले, "त्याला हसू नकोस. त्याला माहीत नाही. तुला माहीत आहे."

सर स्वतः आकड्याकडे बघायचेच नाहीत. नवी चिप आली की तिच्या छपाईवर अंगठ्याचं नख घासायचे. कारण पुण्यात काही लोक कमी वेगाच्या चिपेचं वरचं नाव खरवडून त्यावर जास्त वेगाचा छाप मारत. अशी चिप चढ्या वेगावर चालतेही, पण तापते, आणि तापली की अडते. नखाला शाई लागली तर सर ती चिप माझ्या टेबलावर उपडी टाकायचे, पिना वर करून, मेलेल्या झुरळासारखी. चालू मशीनच्या चिपेला बोटाचं पेर टेकवून ती किती तापलीय बघायचे. त्या पेरावर कायमचा एक पांढुरका डाग होता.

खोडदला एका कांदेवाल्याच्या घरी मशीन बसवायला गेलो होतो. मागच्या शिवारात ताऱ्यांचे रेडिओ संदेश टिपणाऱ्या दुर्बिणीच्या प्रचंड अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या. मी घाईत झाकण न लावताच मशीन चालू केलं. सर खेकसले, "झाकण लाव! तिकडे ते आकाशातलं ऐकत बसलेत आणि तू इथे भोंगा उघडा ठेवतोस?"

घरमालक चरकले. "भोंगा? मला तर काय आवाज येत न्हाई, सर."

सरांनी त्यांचाच ट्रान्झिस्टर उचलून मशीनजवळ धरला. रेडिओतून कर्कश गुणगुण सुरू झाली. सरांनी एक बटण दाबलं, गुणगुण बदलली. "हा प्रोसेसर. आता तो रिकामा बसलाय. आता काम करतोय."

मालक कान लावून ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "याच्यावर भावगीतं लागतील का वो?"

सर त्या दिवशी हसले होते. मी त्यांना हसताना पाहिलं ते बहुधा तेवढंच.

आता त्या चिपेकडे येतो.

माझ्या पुण्याच्या माणसाने एकदा मला बाजूला घेऊन एक डीएक्स दाखवली. वर चाळीसचा छाप. आतून तेहेतीसची. हे त्याने मला स्पष्ट सांगितलं, म्हणजे मी फसलो असं म्हणायची सोय नाही. मी ती घेतली. सरांच्या नखापुढे ती टिकणार नव्हती, म्हणून मी आधीच तिच्यावर पंखा चिकटवून टाकला, डिंकासारख्या चिकट पेस्टने, निघू नये असा. मदरबोर्डवर चाळीसचा जंपर लावला, डब्यावर चाळीसचा आकडा लावला आणि मशीन क्लासमध्ये आणून ठेवलं.

सर म्हणाले, "पंखा चिकटवला कशाला?"

"चाळीसची आहे सर, तापते."

त्यांनी त्यांचा एक चाचणीचा प्रोग्राम चालवला. मशीन खरोखरच चाळीसवर पळत होतं, त्यामुळे निकाल चाळीसचाच आला. सरांनी पुन्हा चालवला. स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "चांगलं आणलंस."

इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेली ही एकमेव शाबासकी. ती मी खोट्या चिपेवर घेतली. त्यानंतर खरं सांगायची माझी हिंमत गेली. ते सोडून जातील ही भीती होतीच, पण ते दोन शब्द परत घेतील याची जास्त होती. हे ऐकायला पोरकट वाटतं. होतंच ते पोरकट.

त्या वर्षी शेजारच्या एका गावच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष आबा क्लासवर आले. गावाचं नाव घेत नाही, त्या लोकांचा यात दोष नाही. आमच्या भागातली बैलगाड्यांची शर्यत बाहेरच्यांना ठाऊक नसेल. घाटावर एका वेळी एकच गाडा पळतो. खालच्या रेषेवरून सुटतो, चढावरच्या रेषेवर पोचतो, आणि त्याची लढत असते घड्याळाशी. बारा सेकंदांच्या आत आला तर पहिला नंबर, तेराच्या आत दुसरा, आणि सगळ्यांत कमी वेळाचा गाडा घाटाचा राजा. म्हणजे सगळा खेळ सेकंदाच्या तुकड्यांवर. तीन माणसं तीन स्टॉपवॉच घेऊन उभी राहायची, तिघांचे तीन आकडे यायचे आणि मग बैल राहायचे बाजूला, माणसंच एकमेकांवर जायची.

आबा म्हणाले, "मागल्या यात्रेत डोकी फुटली, सर. आता कॉम्प्युटर लावू. यंत्राला भावकी नसती."

सरांना हे पटलं. नव्हे, ते पेटले. खाली आणि वर एकेक दारावरच्या बेलचं बटण, मधून लांब वायर, मध्ये जनरेटरवर चालणारा कॉम्प्युटर. पण वेळ मोजायची कशी? कॉम्प्युटरचं स्वतःचं घड्याळ सेकंदाला जेमतेम अठरा टोले द्यायचं. सेकंदाचा शंभरावा भाग, घाटावरच्या भाषेत 'मिली', त्याला दिसायचाच नाही. सरांनी त्या घड्याळाला यथेच्छ शिव्या घातल्या आणि ठरवलं की वेळ प्रोसेसरच मोजेल. एक छोटा प्रोग्राम लिहिला: पहिलं बटण दाबलं की प्रोसेसरने एकाच जागी फेऱ्या मारत सुटायचं आणि दुसरं बटण दाबेपर्यंत फेऱ्या मोजायच्या. त्या आठ किलोबाइटच्या कप्प्यात सगळा प्रोग्राम मावतो, त्यामुळे फेरी एका ठेक्यात पडते. एका सेकंदात किती फेऱ्या होतात ते त्यांनी आठवडाभर स्टॉपवॉच घेऊन पुन्हा पुन्हा तपासलं आणि प्रोग्राममध्ये पक्कं बसवलं. अर्थात, चाळीसच्या मशीनवर. आमच्यातलं सगळ्यांत चांगलं मशीन तेच ना.

मी एकदा भीत भीत म्हणालो, "सर, पुस्तकात दिलंय की त्या घड्याळाच्या चिपेतूनच बारीक वेळ काढता येते."

"पुस्तकात लिहिणाऱ्याने घाट पाहिलाय का?"

पुस्तक बरोबर होतं. ते मला पुढे कळलं. त्यांनी ऐकलं असतं तर माझी चोरी कुणाच्या अंगावर आली नसती. पण म्हणून ती चोरी सरांची होत नाही.

यात्रेच्या सकाळी सगळं सुरळीत. माइकवर ओरडणारा घसा फोडून सांगत होता, "झाली, झाली, झाली… अकरा सेकंद नव्वद मिली!" हा बाळूशेठचा गाडा. बाळूशेठ म्हणजे बागायतदार, गळ्यात चेन, बैलांना स्वतःपेक्षा जास्त जपणारा. त्याच्याच गाड्याला राजाचा मान जाणार असं सकाळीच सगळे धरून चालले. सर आमच्या मांडवात स्वेटर घालून उभे. आबा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यांच्याकडे घेऊन येत होते. "हे केंगले सर. तळेघरचं. समदं यांनी केलंय." सर मान हलवत नव्हते, पण स्वेटरची कड ओढून सरळ करत होते. ते खूश होते. आदिवासी वाडीतल्या माणसाला त्या बागायती गर्दीत कुणी 'सर' म्हणून पुढे आणलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुपारी ऊन चढलं. मांडवाचं पत्र्याचं छप्पर तापलं. खालच्या रेषेवर गाड्यापुढे पळणाऱ्या एका घोडीच्या पायात वायर अडकून तुटली, म्हणून सर ती जोडायला खाली गेले. मशीनपाशी मी एकटा. आणि स्क्रीन थिजली. मी मशीन बंद करून चालू केलं. पुन्हा थिजली. मला कारण शोधायची गरज नव्हती. तेहेतीसची चिप चाळीसवर, भर उन्हात, सकाळपासून. तिने दमच टाकला होता.

आबा ओरडत होते, "अशोक, उरक की! जुपलेली बैलं उभी हायेत!"

मी झाकण काढलं. मदरबोर्डवरचा जंपर चाळीसवरून तेहेतीसवर आणला. झाकण लावलं. मशीन चालू झालं, आणि चालत राहिलं. डब्यावरचा आकडा वेगळ्या जंपरचा, तो चाळीसच राहिला. त्या क्षणी माझ्या मनात 'सुटलो' एवढंच होतं. शपथेवर सांगतो, त्यापलीकडे काही सुचलं नव्हतं. सरांनी वायर जोडून खालून हात केला. गाडा सुटला.

"दहा सेकंद चाळीस मिली!"

घाट उसळला. फेटे उडाले. आणि मला कळलं. प्रोसेसर हळू झाला, तेवढ्याच वेळात फेऱ्या कमी झाल्या, आणि कमी फेऱ्या म्हणजे प्रोग्रामच्या हिशेबाने कमी वेळ. तेव्हा बोलायला हवं होतं. पुढचा गाडा सुटला. दहा वीस. त्याच्या पुढचा, ज्याच्या बैलांना अर्ध्या घाटात बसकण मारायची खोड होती, तो अकरा तीस. आता घाटावर हसू सुरू झालं आणि पाठोपाठ आरडाओरडा.

बाळूशेठ मांडवात घुसला. "ही बैलं अकरात? आरं, ही बैलं शेतात जायला अकरा वाजवत्यात! काय चाललंय काय?"

सर चढ चढून धापा टाकत वर आले. ते मशीनकडे गेले, आणि जन्मात ज्या आकड्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं त्या लाल आकड्याकडे बघितलं. चाळीस. मग माझ्याकडे वळले.

"अशोक, आत काही हलवलंस?"

"नाही, सर."

त्यांनी झाकण उघडलं नाही. प्रत्येक चिपेवर नख घासणाऱ्या माणसाने माझ्यावर घासलं नाही. ते बाळूशेठकडे आणि आबांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "मशीनला माझ्या माणसाशिवाय कुणी हात लावलेला नाही. माझ्या माणसाने काही हलवलेलं नाही. वेळ बरोबर आहे."

बाळूशेठने माइक हिसकावून घेतला. "मंडळी, सर म्हनत्यात वेळ बरोबर हाय! सर, एकदा सांगून टाका, दुपारच्या गाड्यांकडनं किती घेतलं?"

सगळा घाट ओरडायला लागला. कुणीतरी म्हणालं, "डोंगरातनं आला आन् घाट विकून गेला." कुणीतरी स्वेटर ओढला. आबांनी मध्ये पडून त्यांना बाहेर काढलं, पण आबांच्याही तोंडावर तोच प्रश्न होता, आणि सरांनी तो वाचला. ते घाट उतरून रस्त्याला लागले. मी टेबलामागे वायर गुंडाळत बसलो. दुपारच्या वेळा रद्द झाल्या, पुन्हा स्टॉपवॉच आली. मी जंपर परत चाळीसवर लावला. हेही आजच सांगतोय.

सोमवारी ते क्लासवर आले. चालू तुकडी पूर्ण शिकवली. एकदाही तो विषय काढला नाही. पुढच्या तुकडीला प्रवेश घ्यायला येणारे पालक विचारायला लागले, "शिकवणार कोण? तेच का, घाटावाले?" मी, संचालक, म्हणायचो, "बघू, बदलणार आहोत." एके दिवशी ते मागून हे ऐकत उभे होते. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. दुसरीकडेही कुणी त्यांना घेतलं नाही. ते वाडीवर गेले आणि भातात उतरले. पुढे माझ्या दुकानाच्या तीन शाखा झाल्या.

शाल-श्रीफळानंतरच्या आठवड्यात मी गाडी काढून तळेघरला गेलो. भात कापणीचे दिवस. विचारत विचारत वाडीवर चढायची वेळ आली नाही. सर तळेघरच्या स्टँडवरच भेटले. केस पांढरे, स्वेटर तोच की तसलाच ते कळलं नाही. बाजूला तांदळाचं पोतं. मला ओळखायला त्यांना अर्धा क्षणही लागला नाही.

"सुटलास वाटतं बराच," ते माझ्या पोटाकडे बघून म्हणाले.

मी बोलायला सुरुवात केली. पाठ करून आलो होतो, त्यातलं एकही वाक्य आठवेना. "सर, त्या दिवशी घाटावर…"

"तेहेतीस भागिले चाळीस," सर म्हणाले.

मी हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली.

"तुझ्या त्या दुपारच्या वेळांना चाळीसने गुणून तेहेतीसने भाग. बारा साठ, बारा पस्तीस, तेरा सत्तर. त्या बैलांच्या खऱ्या वेळा. घाटावरून निघालो तो मंचरपर्यंत पोचायच्या आत एसटीत तोंडी काढलं मी. पंखा का चिकटवला होतास तेही तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

त्यांनी नाकातून ती हवा सोडली. "काय सांगायचं? माझा माणूस खोटा आहे? तासाभरापूर्वी मीच सगळ्यांपुढे सांगितलं होतं, खरा आहे म्हणून." मग म्हणाले, "आणि घड्याळाची चिप सोडून मी प्रोसेसरला वेळ मोजायला लावली. तो गाढवपणा माझा. त्याबद्दल तुझ्याकडे काही मागायचं नाही."

"आणि बाकीच्याबद्दल?"

"माझ्या थोरलीच्या सोयरिकीला लोकांनी घाट काढला होता, अशोक. मुलाकडचे जुन्नरचे. म्हणाले, पैसे खाणाऱ्याची मुलगी नको." हे त्यांनी रागाने सांगितलं नाही. उसाचा भाव सांगावा तसं सांगितलं. "आता ती माझ्या नातवंडांची आई आहे. झालं ते झालं म्हणायला मी काही संत नाही. पण मला ऐकवून काय उपयोग? मला ते माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांग."

मी म्हणालो, "सोडतो तुम्हाला गाडीने."

"एसटी आहे."

एसटी आली. ते पोतं घेऊन चढले. मी खिडकीखाली उभा राहिलो. कंडक्टर तिकीट काढत होता आणि सर त्याच्या हातातल्या यंत्राकडे बघून म्हणत होते, "याच्यावरची वेळ मागे आहे तुमची."

"आसंल, बाबा. बसा आता."

"बसतोय. पण वेळ चुकीची आहे. कुणी बघत नाही का डेपोत?"

"बाबा, घोडेगाव का मंचर?"

"घोडेगाव. आणि वेळ लावून घ्या." गाडी हलली तेव्हा त्यांनी कंडक्टरच्या हातातून ते यंत्र जवळजवळ ओढून घेतलं होतं आणि डोळ्यांशी धरून बटणं तपासत होते. कंडक्टर त्यांना परत मागत होता. माझ्याकडे दोघांपैकी कुणाचंही लक्ष नव्हतं.

मधे बरीच वर्षं शर्यती बंद होत्या. आता पुन्हा सुरू झाल्यात, त्या गावच्या घाटावरही. सेन्सर लागलेत, मोठ्या पडद्यावर आकडे दिसतात. बाळूशेठ हयात आहे, त्याचा मुलगा गाडा पळवतो. आबांच्या जागी त्यांचा पुतण्या बसतो. गेल्या यात्रेला मी गेलो होतो. पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली, माइकवरून माझं नाव घेतलं, दोन शब्द बोला म्हणाले. मी बैलांबद्दल दोन शब्द बोललो आणि खाली बसलो.

इथे लिहिल्याने माझी सुटका नाही, घाटावरची माणसं हे वाचणार नाहीत. त्या गावच्या यात्रेत, त्या माइकवर, बाळूशेठसमोर उभं राहून मला सांगायचं आहे की जंपर मी हलवला, खोटं मी बोललो, आणि केंगले सरांनी कुणाकडून एक पैसाही घेतला नव्हता. ते मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं देणं बाकी आहे.